पर्याय आला, फ्लोरिन तसाच राहिला: अंबाझरीपासून समुद्रापर्यंत

नागपूर समुद्रापासून दूर, म्हणून समुद्रातलं प्रदूषण हा मुंबई-रत्नागिरीकरांचा विषय, असं इथे सहज बोललं जातं. पण नकाशावर बोट ठेवून आपलं पाणी कुठे जातं ते बघा. लाव्याच्या टेकड्यांकडून आलेलं पाणी अंबाझरीत साठतं. तिथून नाग नदी शहराच्या मधोमध निघते, पिवळी नदीला सोबत घेते आणि कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत शिरते आणि ते पाणी गोसीखुर्दच्या धरणात थांबतं. खाली चपराळ्याजवळ वर्धा नदी येऊन मिळाली की प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ ती गोदावरीत जाते, आणि धवलेश्वरमच्या खाली फाटे फुटून गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. सीताबर्डीच्या नालीत ओतलेली वस्तू वाटेत कुजली नाही, तर तिचा मुक्काम आंध्रच्या किनाऱ्यावर असतो.

बहुतेक गोष्टी वाटेतच संपतात. मैला, साबण, स्वयंपाकघरातलं तेल हे सगळं जिवाणूंचं अन्न. हवा आणि वेळ मिळाला की त्याचं पाणी आणि वायू होतो. पीफास नावाचं रसायनांचं घराणं मात्र असं संपत नाही. यात हजारो रसायनं आहेत आणि ती आपल्या रोजच्या वस्तूंत आहेत: नॉनस्टिक तव्याचा थर, डाग न धरणारं कापड, तेल न झिरपणारा पार्सलचा कागद, पेट्रोलची आग विझवणारा फेस, क्रोमचा मुलामा देणारी टाकी, काही तणनाशकं, गाडीच्या एसीचा गॅस.

एक गोंधळ आधीच दूर करायला हवा, कारण विदर्भात तो हमखास होतो. पीफासमध्ये फ्लोरिन असतो, आणि फ्लोरिन म्हटलं की आपल्याला बोअरवेलचं फ्लोराइड आणि पिवळे पडलेले दात आठवतात. ते वेगळं. फ्लोराइड खडकातून पाण्यात उतरतं आणि भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. पीफासमध्ये फ्लोरिन कार्बनला घट्ट चिकटलेला असतो, तो फ्लोराइड म्हणून सुटतच नाही. त्यामुळे फ्लोराइडच्या चाचणीत पीफास दिसत नाही. प्रमाणही अगदी वेगळ्या पातळीवरचं. अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या दोन जुन्या पीफाससाठी पिण्याच्या पाण्यात लिटरला ४ नॅनोग्रॅमची मर्यादा ठरवली. एका मिलिग्रॅममध्ये १० लाख नॅनोग्रॅम असतात. म्हणजे ही मर्यादा फ्लोराइडच्या मर्यादेपेक्षा अडीच लाख पट कडक आहे.

४ नॅनोग्रॅम म्हणजे किती, याचा अंदाज टँकरवरून येतो. एक ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्यात मावणाऱ्या साखरेचा चौथा भाग, पीएफओए घेतलं, तर ते २५ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. दहा हजार लिटरचे २५,००० टँकर.

शेपूट आणि डोकं

पीफासचा रेणू डोळ्यांसमोर आणायला सोपा आहे. कार्बनच्या अणूंची एक साखळी घ्या, तेलात किंवा मेणात असते तशी. मेणात त्या साखळीभोवती हायड्रोजन असतो. पीफासमध्ये हायड्रोजन काढून जागोजागी फ्लोरिन बसवलेला असतो. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध तोडायला मोलमागे सुमारे ४८५ किलोजूल ऊर्जा लागते. सेंद्रिय रसायनांमधला हा सर्वांत बळकट एकेरी बंध. शिवाय फ्लोरिनचे अणू साखळीभोवती चिलखतासारखे दाटीने बसतात, त्यामुळे जिवाणूच्या विकराला आत शिरायला फटच मिळत नाही. ऊन, क्लोरीन, उकळी, आम्ल, कशाचाच तिच्यावर परिणाम होत नाही.

या साखळीला एक डोकं असतं, बहुधा आम्लाचं. डोक्याला पाणी आवडतं. शेपटीला पाणी आवडत नाही आणि तेलही आवडत नाही. साबणाशी फरक इथेच आहे. साबणाची शेपूट तेलात शिरते, म्हणून तो तेलकट भांडं धुतो. पीफासची शेपूट दोन्हींपासून पळते. मग ती जाते कुठे? पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथे. म्हणजे पृष्ठभागावर, आणि पाण्यातल्या प्रत्येक बुडबुड्याच्या कडेला. हा बुडबुडा लक्षात ठेवा. मुलाम्याच्या टाकीत, समुद्राच्या लाटेत आणि पाणी साफ करण्याच्या नळकांड्यात तो पुन्हा भेटणार आहे.

हाच गुण घरात तपासता येतो. पावसाळी जॅकेटवर किंवा पार्सलच्या कागदावर एक थेंब पाणी टाका आणि शेजारी एक थेंब खाण्याचं तेल. मेण किंवा सिलिकॉनचा लेप असेल तर पाण्याचा थेंब गोल राहतो, पण तेल पसरतं आणि मुरतं. तेलाचाही मणी तसाच गोल उभा राहिला, तर लेपात फ्लोरिन असण्याची शक्यता मोठी. ही खात्रीची चाचणी नव्हे, पण दुकानात उभ्या उभ्या करता येणारी दुसरी चांगली चाचणी नाही. प्लास्टिकचं अस्तर असलेल्या कागदावर मात्र ती फसते, कारण तिथे तेल अडवतं ते प्लास्टिक.

आठाची साखळी गेली आणि काय आलं

१९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना शीतकरणाच्या गॅसवर काम करताना सिलिंडरमध्ये अचानक एक पांढरी, निसरडी पूड सापडली. ते टेफ्लॉन. ते मोठ्या प्रमाणावर बनवताना पाण्यात एकजीव ठेवायला साबणासारखं काहीतरी लागायचं, आणि त्यासाठी पीएफओए वापरलं गेलं. त्याची साखळी आठ कार्बनची. त्याचं भावंड पीएफओएस, तेही आठाचं, कापड, कागद आणि अग्निशामक फेसात गेलं.

नॉनस्टिक तव्याबद्दल इथेच सांगतो. पाण्यातल्या पीफासचा मुख्य उगम तवा नव्हे. तव्यावरचा थर हा लांबलचक, न विरघळणारा पदार्थ आहे. त्रास होतो तो थर बनवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्याने. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवू नका, एवढं घरापुरतं पुरेसं आहे. चांगला तवा फेकून दिल्याने नदी साफ होत नाही.

पीएफओएस बनवणाऱ्या मुख्य अमेरिकी कंपनीने २००० मध्ये ते बंद करण्याची घोषणा केली. न कुजणाऱ्या विषारी रसायनांवर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत पीएफओएस २००९ मध्ये आलं, पीएफओए २०१९ मध्ये, सहा कार्बनचं पीएफएचएक्सएस २०२२ मध्ये. उद्योगांना पर्याय हवे होते आणि ते आले. पण बहुतेक पर्यायांनी फ्लोरिन सोडला नाही. साखळी आखूड केली, किंवा मध्ये एखादा ऑक्सिजनचा अणू घातला, आणि नवं नाव दिलं.

त्यातलं सर्वांत गाजलेलं जेनएक्स. टेफ्लॉन बनवताना पीएफओएच्या जागी ते २००९ पासून वापरात आलं. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनात केप फिअर नदीच्या काठी ते बनवणारा कारखाना आहे, आणि खाली समुद्राजवळ विल्मिंग्टन शहर त्याच नदीचं पाणी पितं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे शुद्धीकरण केंद्रात येणाऱ्या पाण्यात जेनएक्सची सरासरी लिटरला ६३१ नॅनोग्रॅम निघाली. तुरटीसारखे गाळ बसवणारे पदार्थ, ओझोन, जैविक गाळणी आणि निर्जंतुकीकरण, हे सगळं करूनही ते तसंच पुढे गेलं. आता आकडे शेजारी ठेवा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०१६ मध्ये पीएफओएसाठी रोजची सुरक्षित मात्रा शरीराच्या दर किलोला २० नॅनोग्रॅम धरली होती. जेनएक्सचा अभ्यास झाल्यावर २०२१ मध्ये त्यासाठी ठरली ३ नॅनोग्रॅम. पुढे पीएफओएची मात्राही खूप खाली आणली गेली, पण बारा वर्षं ‘पर्याय’ म्हणून वापरलेल्या रसायनाची खरी तपासणी वापरानंतर झाली, ही गोष्ट त्याने बदलत नाही.

चीनमध्ये क्रोम मुलाम्यासाठी १९७० च्या दशकापासून एफ-५३बी वापरात आहे. त्यात एक क्लोरीन आणि एक ऑक्सिजन घातलेला. माणसाच्या शरीरातून त्यातलं निम्मं जायला १५ वर्षांच्या आसपास लागतात असं मोजलं गेलं आहे, म्हणजे पीएफओएसपेक्षाही जास्त. आगीतून फुफाट्यात याहून वेगळं काय?

आखूड साखळ्यांचं दुखणं वेगळं आहे. चार कार्बनचं पीएफबीए शरीरातून काही दिवसांत निम्मं जातं, पीएफबीएस सुमारे महिनाभरात. पीएफओएला निम्मं व्हायला दोन-चार वर्षं लागतात. हा फरक खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण शरीरातून लवकर बाहेर पडलेलं रसायन पाण्यातून जात नाही. आखूड साखळी पाण्यात जास्त विरघळते, गाळाला कमी चिकटते, कोळशाच्या गाळणीतून लवकर निसटते आणि पिकाच्या मुळातून पाना-फळांपर्यंत सहज चढते. नाग नदीच्या पाण्यावर पालक-मेथी पिकवणाऱ्या पट्ट्यात आखूड साखळी म्हणूनच जास्त महत्त्वाची. गंगेच्या खोऱ्यात मोजणी झाली तेव्हा नदीच्या पाण्यात सर्वांत जास्त निघाली ती सहा कार्बनचं पीएफएचएक्सए आणि चार कार्बनचं पीएफबीएस, म्हणजे पर्यायांचीच पिढी.

महाराष्ट्राचा यात थेट संबंध आला आहे. इटलीत व्हिचेंझाजवळ त्रिसिनो इथे पीफासचा एक कारखाना होता. त्याच्या सांडपाण्याने साडेतीन लाखांवर लोकवस्तीचं पाणी दूषित केलं, तो २०१८ मध्ये बंद पडला आणि जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली. त्याची यंत्रसामग्री विकत घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे एमआयडीसीत आणली गेली. लोट्याचं पाणी वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत जातं. म्हणून ‘हा परदेशातला प्रश्न’ म्हणणं आता शक्य नाही.

क्रोमच्या टाकीत नेमकं काय होतं

एक जागा जवळून बघू, कारण पर्याय कसा निवडावा हे तिथे कळतं. कठीण क्रोम मुलाम्याच्या टाकीत लिटरला सुमारे २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल असतं, त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकं सल्फेट, आणि तापमान ५० ते ६० अंश. वीज सोडली की तिचा मोठा भाग धातू बसवण्याऐवजी पाणी फोडण्यात खर्च होतो. हायड्रोजनचे असंख्य बुडबुडे वर येतात, फुटतात, आणि प्रत्येक बुडबुडा फुटताना क्रोमिक आम्लाचे बारीक शिंतोडे हवेत उडवतो. या हेक्साव्हॅलंट क्रोमियमच्या धुक्याने कामगाराच्या नाकातला पडदा सडतो, फुप्फुसाचा कर्करोग होतो. धुकं दाबलंच पाहिजे, यात वाद नाही.

ते दाबायला द्रावाचा पृष्ठताण कमी करतात. पाण्याचा ताण ७० च्या घरात असतो. तो मीटरला ३५ मिलिन्यूटनच्या खाली आणला की बुडबुडे लहान होतात, हळू फुटतात आणि शिंतोडे कमी उडतात. साधा साबण हे करू शकला असता, पण गरम क्रोमिक आम्ल त्याला काही तासांत जाळून टाकतं. पीएफओएस जळत नाही, म्हणून ते तिथे गेलं. त्याच्या जागी आलेल्या ६:२ एफटीएसमध्ये फ्लोरिनवाले कार्बन सहा आहेत. ते टाकीत हळूहळू तुटतं, म्हणून जास्त घालावं लागतं, आणि तुटून मुख्यतः आखूड पीफासच मागे राहतात.

मग करायचं काय? सजावटीच्या कामात, म्हणजे नळ, हँडल, दुचाकीचे भाग, तिथे ट्रायव्हॅलंट क्रोमकडे, म्हणजे क्रोमियमच्या कमी विषारी रूपाकडे जा. त्यात फ्लोरिन लागत नाही आणि विषारी क्रोमियमही टळतं. रंगात किंचित फरक पडतो, द्रावाचं पीएच काटेकोर सांभाळावं लागतं आणि लोह-तांबं त्यात मिसळू द्यायचं नसतं, नाहीतर डाग पडतात. कठीण मुलामा टाळता येत नसेल तर टाकीला झाकण, कडेला ओढून घेणारी हवा, त्या वाटेवर जाळीचे थर आणि द्रावावर पॉलिप्रॉपिलीनचे तरंगते गोळे. गोळे एका थरात पृष्ठभाग झाकतील इतके हवेत. अर्धी टाकी उघडी राहिली तर तेवढ्या भागातून शिंतोडे उडतच राहतात.

या बदलात एक चूक वारंवार होते: जुनं द्रावण काढलं, नवं भरलं, आणि टाकी, पाइप, गाळणी तशीच ठेवली. पीफास प्लास्टिकच्या आतल्या भिंतीला थर धरून बसतं आणि महिनोन्महिने नव्या द्रावात उतरत राहतं. अग्निशामक फेसाच्या टाक्यांचंही हेच. नुसत्या गार पाण्याने तीनदा धुऊन भागत नाही. गरम पाणी किंवा खास धुणारं द्रावण लागतं, धुतल्यावर तपासणी लागते, आणि ते धुवण नालीत सोडायचं नसतं. शिवाय फ्लोरिनमुक्त फेस जास्त दाट असतो. पाण्यात ३ टक्के मिसळणारं जुनं यंत्र तो नीट ओढेल की नाही, हे आगीच्या दिवशी नव्हे तर आधी तपासावं लागतं. जुना आणि नवा फेस एका टाकीत मिसळू नये.

पुरवठादाराच्या कागदावर ‘पीएफओएमुक्त’ लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. ते वाचून समाधान मानू नका. विचारायचा प्रश्न वेगळा: यात एकूण सेंद्रिय फ्लोरिन किती, आणि तो मोजल्याचा अहवाल दाखवा.

गटर लाइनमधून पुढे

सांडपाणी प्रकल्प पीफास काढण्यासाठी बनवलेलेच नाहीत. नागपूरच्या भांडेवाडीसारख्या प्रकल्पात हवा सोडून जिवाणू वाढवतात आणि ते मैला खातात. कापडाच्या किंवा कागदाच्या लेपातून आलेले मोठे, अर्धवट फ्लोरिनवाले रेणू तिथे पोहोचले, की जिवाणू त्यांचा खाण्याजोगा भाग खातात आणि न तुटणारी शेपूट उरते. आठाच्या लेपातून पीएफओए उरतं, सहाच्या लेपातून पीएफएचएक्सए. म्हणून अनेक ठिकाणी प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात आत येणाऱ्यापेक्षा जास्त पीफास निघतं. प्रकल्प बिघडलेला नसतो. लपलेलं रसायन तिथे उघडं होतं.

लांब साखळ्या गाळात जातात. तो वाळवून खत म्हणून शेतात टाकला की त्या शेतात जातात. आखूड साखळ्या पाण्यासोबत निघतात. भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडे जातं, ही नागपूरची खरोखर चांगली योजना आहे, कारण तेवढं पेंचचं पाणी वाचतं. पण पाण्याची वाफ झाली तरी ही आम्लं बहुतेक मागेच राहतात आणि उरलेल्या पाण्यात दाट होतात. त्या पाण्याच्या तपासणीत पीफासचा रकाना असायला हवा.

गोसीखुर्द, खाडी, समुद्र

धरणात पाणी संथ होतं, गाळ बसतो आणि लांब साखळ्यांचा काही भाग त्यासोबत बसतो. मासळीत पीएफओएस चढतं, पण डीडीटीसारखं चरबीत साठत नाही. ते प्रथिनांना चिकटतं, म्हणून रक्तात आणि यकृतात जास्त, मांसात त्यामानाने कमी असतं. गंगेतल्या डॉल्फिनच्या यकृतातही ते मिळालं आहे. मासळीचं यकृत आणि आतडी काढून टाकणं हा दूषित पाण्याच्या काठचा चांगला नियम आहे.

खाडीत खारं पाणी भेटलं की आणखी एक गोष्ट घडते. मीठ वाढलं की पीफासची शेपूट पाण्यात राहायला आणखी नाखूश होते, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम तिच्या डोक्याला गाळाशी जोडतात. त्यामुळे लांब साखळ्या खाडीच्या चिखलात, कालवं-शिंपल्यांच्या वस्तीत थांबतात. आखूड साखळ्या सरळ खोल समुद्रात जातात.

समुद्र हा तरी शेवट असावा ना? तोही नाही. लाट फुटते तेव्हा पाण्यात हवा कोंबली जाते, बुडबुडे वर येताना पीफास गोळा करतात, आणि फुटताना तुषारांत उडवतात. क्रोमच्या टाकीतलीच क्रिया, किनाऱ्याच्या लांबीइतकी. स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजून दाखवलं आहे की या तुषारांत पीफास समुद्राच्या पाण्यापेक्षा हजारो पटींनी दाट होऊ शकतं, आणि वारा ते जमिनीकडे परत आणतो.

याच बुडबुड्याचा उलटा उपयोग सफाईला होतो. उंच नळकांड्यात दूषित पाणी भरून खालून हवा सोडतात, वर आलेला फेस काढून घेतात. लांब साखळ्या त्यात चांगल्या निघतात. आखूड निघत नाहीत, कारण त्यांची शेपूट बुडबुड्याला धरायला पुरेशी लांब नसते.

पावसातून येणारं

सर्वांत आखूड साखळी दोन कार्बनची: टीएफए. ती नालीतून येते त्याहून जास्त आभाळातून येते. गाडीच्या एसीतला आर-१३४ए गॅस गळला की हवेत सुमारे १४ वर्षं राहतो, जगभर पसरतो आणि त्याचा काही भाग, साधारण ७ ते २० टक्के, टीएफए होतो. तापमानवाढ कमी करायला त्याच्या जागी आर-१२३४वायएफ आला. हवामानाच्या दृष्टीने तो खूपच बरा. पण तो दहा-बारा दिवसांत तुटतो आणि जवळजवळ पूर्णपणे टीएफए होतो, म्हणजे पाऊस ते जवळपासच्याच नदी-तलावात आणतो. टीएफए पाण्यातून काढायला कोळसा चालत नाही, जवळजवळ फक्त आरओ चालतो. नदीभर आरओ बसत नाही.

नागपूरच्या ४५ अंशांत एसीला ‘गॅस भरून द्या’ हे वाक्य मे महिन्यात किती वेळा ऐकू येतं! गॅस संपत नसतो, गळत असतो. गळती न शोधता वरून भरणं म्हणजे पैसे आणि गॅस दोन्ही हवेत सोडणं. मेकॅनिकला आधी नायट्रोजनच्या दाबाने जोड तपासायला सांगा. नवा फ्रीज घेताना मागची पट्टी वाचा: आर-६००ए लिहिलं असेल तर त्यात फ्रीजच्या गॅसपुरता फ्लोरिनच नाही, तो साधा हायड्रोकार्बन आहे. घरच्या एसीत आर-२९० तसाच. आर-३२ मध्ये फ्लोरिन आहे, पण त्याच्या रचनेतून टीएफए बनत नाही.

घरातल्या पाण्याचं

पीफासचा धोका एका ग्लासाचा नसतो, वर्षानुवर्षांच्या थोड्या थोड्याचा असतो. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस पीएफओएला माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं. त्याखेरीज वाढलेलं कोलेस्टेरॉल, लसीला मुलांच्या शरीराचा कमी प्रतिसाद आणि बाळाचं कमी वजन यांचे पुरावे भक्कम आहेत.

उकळून पीफास जात नाही. पाणी आटतं, ते राहतं. तुरटी आणि क्लोरीन निरुपयोगी. आरओ चांगलं काढतो, पण एक लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो आणि काढलेलं सगळं त्यात असतं. कोळशाची गाळणी लांब साखळ्यांना धरते, पण तिची जागा भरते. भरल्यावर लांब साखळी आखूडला ढकलून बाहेर काढते, त्यामुळे जुन्या गाळणीतून येणाऱ्या पाण्यात आत जाणाऱ्यापेक्षा जास्त आखूड पीफास असू शकतं. पाण्याला चव चांगली आहे म्हणून गाळणी चालते आहे, असं इथे धरता येत नाही. काडतूस कंपनीने सांगितलेल्या लिटरांवर बदला, चवीवर नाही.

मोजायचं कसं

भारतीय पेयजल मानक आयएस १०५०० मध्ये पीफासचा रकाना नाही. भारताने स्टॉकहोम करार २००६ मध्ये मान्य केला आणि २०२० मध्ये आणखी सात रसायनं स्वीकारली, त्यांत पीएफओएस किंवा पीएफओए नव्हतं. युरोपने वीस पीफासची बेरीज लिटरला १०० नॅनोग्रॅमपर्यंत बांधली आहे. आपल्याकडे मोजणी सुरू करायची तर महाविद्यालयं आणि शहरातल्या संस्थांनी, आणि नमुना घेण्यातच बहुतेकांचं चुकतं.

बाटली पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीईची, २५० मिलिलिटर, झाकणात टेफ्लॉनचं अस्तर नको. काचेला लांब साखळ्या चिकटतात. हातमोजे नायट्राइलचे. नमुना घेणाऱ्याने त्या दिवशी पावसाळी जॅकेट, सनस्क्रीन, नुकतेच सॉफ्टनरमध्ये धुतलेले कपडे टाळायचे आणि पार्सलच्या कागदातला नाश्ता गाडीत ठेवायचा नाही. पुलावरून बादली सोडताना पृष्ठभागावरची साय उचलली तर आकडा फुगतो, म्हणून बाटलीचं तोंड खाली करून १०-१५ सेंटिमीटर बुडवा, मग प्रवाहाकडे वळवून भरा. प्रयोगशाळेतून आणलेल्या शुद्ध पाण्याची एक बाटली तिथेच उघडून दुसऱ्या बाटलीत ओता. तिच्यात पीफास निघालं तर दोष नदीचा नाही, तुमच्या हाताचा. बर्फात ठेवून न्या, वाटेत गाळू नका.

मैलामिश्रित पाण्यात एक फसवा सापळा आहे. प्रयोगशाळेतलं रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र पीएफओएस ओळखतं ते ४९९ वस्तुमानाचा तुकडा ८० मध्ये तुटतो यावरून. पित्तातलं एक आम्लही अगदी तसंच तुटतं. नाग नदीत मैला आहे, म्हणजे पित्त आहे. म्हणून ९९ चा तुकडाही तपासा, नाहीतर नसलेलं पीएफओएस सापडेल. लपलेली मोठी रसायनंही बघायची असतील तर नमुन्याचा दुसरा हिस्सा परसल्फेट आणि अल्कलीत ८५ अंशांवर सहा तास ठेवून पुन्हा मोजतात. दोन आकड्यांतला फरक म्हणजे पुढे वाटेत उघडं होऊ शकणारं पीफास.

अहवालात ‘२ पेक्षा कमी’ असेल तर ते शून्य लिहू नका. आणि नुसता नॅनोग्रॅमचा आकडा छापू नका, त्या दिवशीचा प्रवाहही मोजा. हिशेबापुरतं समजा, मे महिन्यात नदीतून दिवसाला ३० कोटी लिटर पाणी वाहतंय आणि पीएफएचएक्सए लिटरला १० नॅनोग्रॅम आहे: दिवसाला ३ ग्रॅम. ऑगस्टमध्ये प्रवाह ३०० कोटी लिटर झाला आणि आकडा २ वर आला. पाणी पाचपट स्वच्छ झाल्यासारखं दिसतं, पण गोसीखुर्दकडे दिवसाला ६ ग्रॅम जात आहेत, कारण पावसाने रस्ते, गोदामं आणि कचऱ्याचे ढीग धुऊन काढलेत. तो जास्तीचा ३ ग्रॅम कुठल्या नाल्यातून आला, हे शोधायला अंबाझरीच्या खाली, भांडेवाडीच्या वर, भांडेवाडीच्या खाली आणि कन्हानच्या संगमाआधी, अशा चार ठिकाणी एकाच दिवशी नमुने घ्यावे लागतात.